सहा मिनिटांचे मामा

रायपूर शहरात आयुष्यभर वेळेवर पोचलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि त्याच्या नावापुढे कागदावर 'उशीर केला' असं लिहिणारा माणूस मी आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना वाटायचं की हे लिहिणारा गृहस्थ मोठा प्रेमळ असावा. प्रेम आहे. गृहस्थाची मात्र मी खात्री देत नाही.

मामा माझ्या बायकोचे. तिच्या आईचे धाकटे भाऊ. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून इथे आले आणि गुढियारीच्या बाजूला राहिले. मामांनी पुढे ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्या घेतल्या. मी नागपूरचा. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि काही वर्षांत इथल्या एका खाजगी दवाखान्यात मला भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली. शहराला तेव्हा राजधानी होण्याची इतकी घाई झाली होती की सगळे रस्ते एकदमच खोदून ठेवले होते, आणि शिंप्यापासून न्हाव्यापर्यंत प्रत्येकाने पाटीवर 'राजधानी' रंगवून घेतलं होतं. मुलगी पाहायला गेलो तोही 'राजधानी हेअर कटिंग'मध्ये दाढी करूनच. मुलीचे मामा आमच्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहेत हे मला चहा-पोह्यांच्या वेळी कळलं. मी कसा आहे याचा तपास मात्र मामांनी सहा महिने आधीच पूर्ण केला होता. बहिणीला त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं : "पोरगा चांगला आहे. रक्त काढलं की सिरिंजचं तोंड लगेच बंद करते, हवा जाऊ देत नाही." शिक्षण, पगार, गोत्र, सगळं नंतर. माझं लग्न एका रबरी टोपणावर जमलं, असं मी मानतो.

लग्नात भटजी माईकवर म्हणतात ना, की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं? आमच्या लग्नात भटजींनी हे म्हटलं तेव्हा मुलीचे मामा मुलीला घेऊन वीस मिनिटं पाटामागे उभे होते. भटजीच चहा प्यायला गेले होते. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नागपूरच्या माझ्या आत्याने स्वतः रचलेलं चौदा ओळींचं अष्टक काढलं, तशी अंतरपाटाच्या पलीकडून दबक्या आवाजात सूचना आली : "भटजी, टाइम होऊन राहिला बरं." आत्या दुखावली. भटजी घाबरले. पण मुहूर्त सेकंदावर साधला गेला, आणि आमचं जे काही बरं चाललं आहे त्याचं श्रेय मामा अजूनही स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाला देतात.

आता ते काम काय करायचे ते सांगायला हवं. आमच्याकडे दिल्लीत शिकून आलेले एक तरुण सर्जन यकृताची ऑपरेशनं करू लागले होते. शरीराला रक्त आणि प्राणवायू पुरेनासा झाला की पेशी कशीबशी गाडी रेटतात, आणि त्या ओढाताणीत लॅक्टेट नावाचा पदार्थ रक्तात साठत जातो. तो साफ करण्याचं मोठं काम यकृताचं. त्यामुळे यकृताचाच तुकडा कापून काढलेल्या रोग्यात हा आकडा दोन गोष्टी सांगतो : आत कुठे रक्त वाहत तर नाही ना, आणि उरलेलं यकृत कामाला लागलं की नाही. ऑपरेशननंतरचे दोन दिवस आम्ही दर काही तासांनी तो मोजायचो. आकडा उतरत असला तर चहा मागवायचा, चढत असला तर सर्जनला. अडचण अशी की सिरिंजमध्ये काढलेलं रक्त लगेच मरत नाही. तिथेही ते आपलं साखर खात, लॅक्टेट तयार करत बसतं. म्हणून नमुना बर्फाच्या पाण्यात ठेवायचा आणि ताबडतोब मशीनला लावायचा. आमचा अतिदक्षता विभाग दुसऱ्या मजल्यावर, मशीन तळमजल्यावर मागच्या अंगाला. या दोहोंमधल्या अंतराचं नाव मामा.

खरं तर नमुना नेणं हे टेक्निशियनचं काम नव्हे, त्याला वॉर्डबॉय असतात. पण वॉर्डबॉय वाटेत बोलतात, असा मामांचा अनुभव होता. म्हणून लिव्हरच्या पेशंटचा लॅक्टेट ते स्वतः नेत. पुस्तकात बर्फातल्या नमुन्याला चांगली ऐसपैस सवलत दिलेली आहे. मामांनी ती नामंजूर करून सहा मिनिटांवर आणली होती. "पुस्तकवाल्यानं रायपूरचा मे महिना पाहिला आहे काय?" हा त्यांचा सवाल होता, आणि त्याला उत्तर देणारा कुणी आमच्या दवाखान्यात नव्हता. नमुन्यासाठी त्यांच्याकडे मुलाची शाळेतली जुनी पाण्याची बाटली होती, केशरी रंगाची, गळ्यात पट्टा अडकवायची. तिचं तोंड त्यांनी कापून मोठं केलं होतं. आत निम्मा बर्फ, निम्मं पाणी. नुसत्या बर्फात सिरिंज खुपसली तर रक्तपेशी फुटतात, हे ते नव्या नर्सला इतक्या व्याकूळ स्वराने सांगत की ती रडायच्या बेतात येई. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला एक गंभीर माणूस गळ्यात केशरी वॉटरबॅग घालून जिना उतरतो आहे, हे दृश्य पाहून खेड्यातून आलेले नातेवाईक एकमेकांना विचारत, की हे कुल्फी विकायला वरपर्यंत येतात काय.

लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. नमुना गळ्यात असताना ते कुणाशी बोलत नसत, नमस्काराला मान हलवत नसत. एकदा एक मंत्री कुणा नातलगाला भेटायला आले म्हणून जिन्यावर शिपाई उभे केले होते. हवालदाराने मामांना हाताने अडवलं. मामा थांबले नाहीत, फक्त बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "भैया, खून चल रहा है." हवालदार असा काही बाजूला उडाला की मागून वर येणारे मंत्रीही भिंतीला चिकटले. नंतर मंत्र्यांनी चौकशी केली की हे कोण होते. आमच्या मॅनेजरने अभिमानाने सांगितलं, "सर, हमारे यहां का सिस्टम है." सिस्टम तेव्हा मशीनपाशी उभा राहून स्वतःचाच श्वास मोजत होता.

घरी ते मला 'जावईबापू' म्हणत आणि दवाखान्यात 'सर'. सरहद्द होती दवाखान्याचं फाटक. पुष्कळदा मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणायचो. वाटभर गप्पा चालत, "जावईबापू, परवाच्या वांग्यात तिखट कमी होतं, भाचीले सांगा," आणि फाटकातून चाक आत गेलं की त्याच श्वासात, "सर, चार नंबरचं सॅम्पल किती वाजता पाठवता?" परत जाताना फाटक ओलांडलं की वांगं पुन्हा सुरू. मी एकदा फाटकाच्या मधोमध स्कूटर थांबवून पाहिली. मामा गप्प बसले. मागून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

लॅक्टेट त्यांच्या संसारातही शिरला होता. पोहे ताटात पडून फार वेळ गेला की ते म्हणत, "आता हे रिजेक्ट." त्यांचे थोरले साडू चार जिने चढून धापा टाकत आले की पाण्याऐवजी मामांचा अंदाज आधी पुढे यायचा : "तीनच्या वर असन आता. बसा, बसा, दहा मिनिटांत उतरते." माझ्या सासूबाईंना रक्त तपासायला द्यायचं असलं तर हे भाऊ आदल्या दिवशी जाऊन मूठ आवळायची नाही, हे शिकवून येत, कारण मूठ आवळली की हाताचे स्नायू लॅक्टेट सोडतात. "अरे पण मले साखर तपासायची आहे," सासूबाई म्हणत. "साखर का असेना. सवय चांगली पाहिजे," मामा म्हणत.

आणखी एक सवय सांगायची आहे, आणि तिथे माझं हसू थांबतं. छत्तीसगढ म्हणजे रामाचं आजोळ, कौसल्या इथली, अशी इथली श्रद्धा. म्हणजे राम या सगळ्या मुलखाचा भाचा. म्हणून इथे उलटा रिवाज आहे : मामा भाच्याच्या पाया पडतो. मराठी घरांतून हे फारसं कुणी करत नाही. पण मामांनी हा रिवाज पूर्ण मनाने उचलला होता, आणि भाचीबरोबर भाचीच्या नवऱ्यालाही त्यात ओढलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हा बापाच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी वाकला तेव्हा मी टुणकन पलंगावर चढलो. मामा हसले. "उतरा खाली, जावईबापू. इथं असंच राहते. हव, सवय होऊन जाईन." सवय झालीही. पहिली दोन वर्षं मी ऐटीत पाय पुढे करायचो.

मग तो दिवस आला. भनपुरीत ट्रकांच्या बॉड्या बांधणारा एक कारागीर होता, चाळिशीचा, दोन मुली. यकृतातल्या गाठीसाठी उजव्या बाजूचा मोठा तुकडा काढला होता. ऑपरेशन उत्तम झालं, पहिली रात्र चांगली गेली, लॅक्टेट पायरीपायरीने उतरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटाच्या धमनीतली बारीक नळी, जिच्यातून आम्ही नमुने काढत असू, ती बंद पडली. अकराचा नमुना बाकी होता आणि थिएटरात पुढची केस माझी वाट पाहत होती. मी म्हटलं, एवढ्यापुरतं शिरेतून काढतो. रोगी डाव्या कुशीला झोपला होता. डावा हात अंगाखाली. उजवा समोर होता, म्हणून मी उजव्या कोपरातून रक्त काढलं. त्याच उजव्या हाताच्या पंजात सलाइन चालू होतं. आणि ते सलाइन होतं रिंगर लॅक्टेट. ज्याच्या बाटलीवर ठळक अक्षरांत लॅक्टेट लिहिलेलं आहे, ते पाणी ज्या हातात चाललं आहे, त्याच हाताच्या वरच्या बाजूने मी लॅक्टेट मोजायला रक्त काढलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला अख्ख्या वॉर्डासमोर उभं करून विचारलं असतं.

मामा बाटली घेऊन गेले. थोड्या वेळाने फोन आला. लॅक्टेट आठच्या वर, हिमोग्लोबिन एकदम तीनाने खाली. याचा सरळ अर्थ आत रक्तस्राव. सर्जन धावत आले. थिएटर मोकळं करायला सांगितलं, पोट पुन्हा उघडायचं ठरलं. बाहेर त्याच्या बायकोसमोर कागद धरला गेला आणि ती अंगठ्याला शाई लावून घेत मला विचारत होती, "कल तो बोले थे न साहब, अच्छा है?" तेवढ्यात मामांचा पुन्हा फोन.

"सर, ब्लड पातळ वाटून राहिलं. कुठून काढलं होतं?"

त्या क्षणी मला कळलं. खरंच कळलं. उघड्या दारातून सलाइनची बाटली माझ्या नजरेसमोरच टांगलेली दिसत होती. आणि मी म्हणालो, "तुम्ही पोचायला उशीर केला असेल."

"सर, सहा मिनिटंही नाही झाले. पाच मिनिटं चाळीस सेकंद."

"तुमचं घड्याळ तुमच्याजवळ ठेवा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांत मामा स्वतः वर हजर. न बोलावता. त्यांनी रोग्याचा उजवा हात पाहिला, सलाइनची बाटली पाहिली, मला पाहिलं. मग माझ्याकडे पाठ करून नर्सला म्हणाले, "दीदी, एक सॅम्पल और निकालो. दूसरे हाथ से." सर्जन चिडले, "टाइम नहीं है!" मामा म्हणाले, "सर, छह मिनट दे दो. फिर काटना." सर्जन त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या माणसाने तोपर्यंत कुणा सर्जनपुढे सलग दोन वाक्यं उच्चारली नव्हती. डाव्या हातातून नमुना निघाला, केशरी बाटली जिना उतरली, आणि उत्तर आलं : लॅक्टेट दीड, हिमोग्लोबिन होतं तसं. रोगी ठणठणीत होता. तो या सगळ्या गोंधळात जागा होऊन चहा मागत होता.

"तो पहलावाला क्या था?" सर्जनने मला विचारलं. मामा पुन्हा वर येऊन दारात उभे होते. मी सर्जनकडे पाहत म्हणालो, "नमुना पोचायला उशीर झाला असावा." उशिराने लॅक्टेट वाढतो, पण हिमोग्लोबिन काही खाली येत नाही. हे सर्जनला सुचायला हवं होतं. पण फाशी टळलेला माणूस दोर कुणी विणला ते विचारत बसत नाही, तसे ते खुर्चीत टेकले. मी फाइल ओढली आणि निळ्या शाईने लिहिलं : पहिला नमुना प्रयोगशाळेकडून झालेल्या उशिरामुळे चुकीचा. मान वर केली. मामा म्हणाले, "हव, सर." आणि गेले.

मॅनेजरला सिस्टमची काळजी होती. आठवड्याभरात पत्र निघालं आणि मामांना तातडीच्या नमुन्यांवरून काढून रिपोर्ट वाटायच्या खिडकीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं ते तिथेच होते. पण मामांना कुठेही बसवा, ते मामाच. पाचला मिळणारा रिपोर्ट ते पाचलाच देत. "भैया, पांच बोला था न? अभी चार अट्ठावन है," असं म्हणून दोन मिनिटं तो कागद हातात धरून बसत, आणि समोरचा माणूस व ते, दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत. पण एखादा वॉर्डबॉय गप्पा मारत, सिरिंज नुसतीच हातात घेऊन समोरून गेला की मामा खुर्चीतून अर्धे उठत. मग पुन्हा बसत. मी हे जिन्याच्या वळणावरून पाहिलं आहे. पुष्कळदा पाहिलं आहे.

आणि दर भाऊबीजेला ते बहिणीकडून ओवाळून घेऊन आमच्याकडे यायचे आणि माझ्या पाया पडायचे. त्या प्रकारानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मला वाटलं, आज तरी हा माणूस नुसतं 'राम राम' म्हणेल. ते वाकले. मी पाय मागे घेतला तर म्हणाले, "अडवू नका, जावईबापू, कंबर एकदाच वाकते." पुढच्या वर्षी मी ते आले की न्हाणीघरात गेलो आणि पाऊण तास आंघोळ केली, मामा बाहेर खुर्ची टाकून बसले. त्याच्या पुढच्या वर्षी पाय मुरगळल्याचं सांगून मी दोन्ही पाय चादरीत गुंडाळून पडलो. मामांनी चादरीला नमस्कार केला. मग मी दिवाळीत ड्यूटी मागून घेऊ लागलो. दवाखान्यात माझी कीर्ती झाली की डॉक्टरसाहेब सहकाऱ्यांसाठी सण सोडतात. "तुम्ही मामाले घाबरता काहून?" बायको विचारायची. "त्याच्याइतका गरीब माणूस नाही."

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा चहाच्या टपरीवर सुरुवात केली, "मामा, त्या दिवशी ते भनपुरीवाले..." तर मामा खुशीत येऊन म्हणाले, "तो? मस्त आहे! परवा भेटला. त्याच्या मोठ्या पोट्टीचं लग्न जमलं. मले पत्रिका द्यायला आलता." पत्रिका त्यांना आली होती. मला नव्हती. पुढे बोलायचं मी विसरलो, असं स्वतःला सांगितलं.

मामा निवृत्त झाले, त्यांचे गुडघे गेले, सासूबाई थकल्या. या वर्षी दवाखान्याची जुनी कागदपत्रं काढून टाकायचं ठरलं आणि मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन ती फाइल शोधली. मशीनमधून निघालेली चिठ्ठी तिथे टाचलेली होती. त्या चिठ्ठीवर नमुना लागल्याची वेळ छापून येते. कुणी एकदा पाहिली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. पण तो उष्णतेवर छपाई होणारा कागद, काही वर्षांत पांढरा होतो. चिठ्ठी कोरी होती. तिच्याखाली माझी निळी शाई कालच लिहिल्यासारखी. मी एक कागद घेऊन खरं काय ते लिहिलं, सही केली आणि मॅनेजरकडे नेला. त्याने वाचलं आणि चहा मागवला. "डॉक्टर साहब, वो तो कब के रिटायर हो गए. अब किसको फर्क पड़ता है?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अन् पाया पडून घेत राहिले त्याच्याकडून?" त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे फक्त कुकर बोलला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मले सांगून काय फायदा? मामाले सांगा. अन् सगळ्यायसमोर सांगा. लिहिलं तेव्हा सगळ्यायसमोरच लिहिलं होतं न?"

रविवारी दुपारी आम्ही ब्राह्मणपाऱ्यात गेलो. सासूबाई होत्या, मामांचा मुलगा आणि सून होते, दहा वर्षांची नात होती. मामी पानं वाढत होत्या. मामा भिंत धरत, एकेक पाऊल टाकत आतून आले. त्यांना दारापासून पाटापर्यंत यायला किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. सगळे खाली बघत होते.

"मामा, मला काही सांगायचं आहे."

"सांगा न. जेवल्यावर सांगा. भात गरम आहे."

"नाही, आत्ताच."

मी सांगितलं. धमनीतली नळी बंद पडली होती तिथपासून सांगितलं. थिएटरातली केस, डाव्या कुशीला झोपलेला रोगी, उजवा हात, सलाइन, फोन, फाइल. सासूबाईंचा घास हातात राहिला. नात, जिच्या आत्याचा मी नवरा, माझ्या तोंडाकडे बघून आईच्या कानात पुटपुटली, "मम्मी, फूफाजी रो रहे हैं क्या?"

मामा वरणात भात कालवत होते. "मले माहीत होतं," ते म्हणाले. "ड्रिप उजव्या हातात होती. मी पाहिली न."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? भाचीचा नवरा. तेवढ्या लोकायसमोर तुमची मान खाली गेली असती. अन् पेशंट तर वाचला. चहा मागून राहिला होता." ते जरा हसले. मग भात तसाच ठेवून, मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "पण एक सांगू काय, जावईबापू? 'उशीर' लिहायचं नव्हतं. दुसरं काही लिहायचं. मशीन खराब होतं लिहिलं असतं, तरी चाललं असतं. मशीन काही घरी जाऊन जेवण सोडत नाही. मी आठ दिवस जेवलो नाही. हिले विचारा." मामींनी पदर तोंडाला लावला आणि भांडं घ्यायला म्हणून आत गेल्या. भांडं त्यांच्या हातातच होतं.

मी म्हणालो, "त्या दिवशी मामा, खरं म्हणजे घाई इतकी होती, आणि ती नळी..."

"पुन्हा नळी," बायको हळूच म्हणाली. "कारणं नका सांगू. माफी मागा."

तिचं बरोबर होतं. मी आतापर्यंत सगळं सांगितलं होतं, आणि माफी मागितलेली नव्हती. इतकी वर्षं मी मनात जे घोकत होतो तेही सगळं स्पष्टीकरणच होतं, त्यात तो शब्द कुठे नव्हताच. मी हातातला घास खाली ठेवला. मामांनी मान वर केली. त्यांचं ऐकणं आता कमी झालं आहे, म्हणून ते किंचित पुढे झुकले. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो :

"मामा, तुमचा नमुना वेळेवर पोचला होता. तुम्ही नेलेला एकही नमुना कधी उशिरा पोचला नाही. चूक मी केली, आणि ती तुमच्या नावावर लिहिली. मला माफ करा."